संशोधन-गटात सर्वांना स्थान
उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरासाठी एक अभ्यासपाठ

वैज्ञानिक संशोधन हे आज प्रामुख्याने गटाने करावयाचे काम झाले आहे. प्रश्न ठरविणे, नमुने गोळा करणे, मोजमापे घेणे, आकडे तपासणे आणि निष्कर्ष मांडणे या कामांत अनेक हात गुंतलेले असतात. साहजिकच हे हात कोणाचे आहेत, आणि त्या हातांबरोबर त्या माणसांचा अनुभव व विचारही गटात आला आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. स्त्रिया, मागासवर्गीय, आदिवासी, अल्पसंख्य भाषिक, दिव्यांग आणि श्रमिक यांना संशोधनात स्थान मिळावे, असे म्हणताना बहुधा सामाजिक न्यायाचा आधार घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याला आणखी एक बाजू आहे. ज्या गटात अशा व्यक्तींना खरे स्थान नसते, त्या गटाचे विज्ञानही अपुरे राहते. प्रस्तुत लेखात ही दुसरी बाजू काही ज्ञात उदाहरणांच्या साहाय्याने मांडली आहे आणि ठाणे जिल्ह्यातील तीन शेजारी नगरांत ती प्रत्यक्षात कशी आणता येईल, याचा विचार केला आहे.

तीन नगरे, अनेक समाज

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही नगरे लोहमार्गाने जोडलेली असली, तरी त्यांची घडण निरनिराळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील पत्त्यांत आजही ‘कॅम्प नंबर’ असतो. अंबरनाथला शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. त्यातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा आहे. त्याच गावात आयुध निर्माणी आणि रासायनिक कारखाने आल्यामुळे निरनिराळ्या प्रांतांतील कामगार स्थायिक झाले. बदलापूर हे नोकरदारांचे उपनगर. परंतु बारवी धरणाच्या बाजूने थोडे आत गेले की ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या लागतात. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक आहे.

अशा परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने पाण्याचा, आरोग्याचा किंवा कारखान्यांतील सुरक्षिततेचा अभ्यास हाती घेतला, तर त्याच्या गटात या समाजांपैकी कोण असते? पुष्कळदा उत्तर असे येते की, ज्यांना सायंकाळी उशिरापर्यंत थांबता येते, ज्यांना इंग्रजी अहवाल वाचता येतो आणि ज्यांच्या ओळखीचे कोणी संस्थेत आहे, तेच विद्यार्थी गटात येतात. येथे कोणी कोणाला मुद्दाम वगळलेले नसते. व्यवस्थाच अशी असते की, बाकीचे आपोआप बाहेर राहतात.

विद्यांचा मेळ मान्य, अनुभवांचा का नाही?

संरक्षण संशोधन व विकास संस्थेची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा अंबरनाथ येथे आहे. तिचे मूळ १९५३ साली मुंबईच्या नौदल गोदीत स्थापन झालेल्या प्रयोगशाळेत आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात धातू गंजतात, जहाजाच्या तळावर शिंपले व शेवाळ चढते. या समस्यांपासून पाणबुडीसाठीच्या इंधन-घटापर्यंतचे संशोधन तेथे होते. पाणबुडीला पाण्याखाली अधिक काळ राहता यावे, यासाठी विकसित केलेल्या अशा इंधन-घट प्रणालीच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाली.

असे काम केवळ रसायनशास्त्रज्ञांच्या हातून होत नाही. धातुशास्त्रज्ञ, बहुवारिकांचे जाणकार, यंत्र अभियंते आणि कुशल कारागीर यांना एकत्र बसावे लागते. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते, हे तत्त्व येथे सर्वांना मान्य असते. हेच तत्त्व थोडे पुढे नेले, तर असे दिसेल की, नदीकाठी राहणारी गृहिणी, कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार किंवा ओढ्यात मासे धरणारा कातकरी यांनाही असे काही दिसते, जे प्रयोगशाळेत बसलेल्याला दिसत नाही. विद्याशाखांची विविधता आपण सहज स्वीकारतो; जीवनानुभवांची विविधता मात्र स्वीकारावयास कचरतो.

कमला सोहोनी यांना घातलेल्या अटी

संशोधन-गटाचे दार कसे बंद असते आणि ते उघडल्याने काय होते, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्राच्याच एका शास्त्रज्ञाच्या चरित्रात सापडते. कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी, या विदुषी दुर्गा भागवत यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केल्यावर १९३३ साली त्यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा संस्थेचे संचालक होते. अर्जदार स्त्री आहे, या कारणास्तव प्रवेश नाकारण्यात आला. कमलाबाईंनी तो निर्णय मानला नाही. त्या प्रत्यक्ष बंगळूरला गेल्या आणि आग्रह धरून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षाधीन; काम समाधानकारक वाटले तरच मान्यता; मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा काम करावयाचे; आणि प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होईल असे वागावयाचे नाही.

या अटी नीट पाहिल्या, तर त्यांतील शेवटच्या अटीचा विद्वत्तेशी काहीही संबंध नाही, हे उघड होते. आणि इतर अटी त्याच पात्रतेच्या पुरुष विद्यार्थ्यास घातल्या जात नव्हत्या. कमलाबाईंनी त्या अपमानास्पद अटी पाळून श्री. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम. एस्सी. पदवी मिळविली. त्यानंतर संस्थेने स्त्रियांना प्रवेश देण्यास आरंभ केला. पुढे केंब्रिज येथे वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन करून १९३९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. विज्ञान विषयात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिलांपैकी होत.

भारतात परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह नीरा, कडधान्ये आणि भाताचे पीठ यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. नीरेसारखे स्वस्त पेय कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात उपयोगी पडते, असे त्या कामातून दिसून आले आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक लाभले. ज्या विदुषीला दारातच थांबविले जात होते, तिने पुढे देशातील सर्वांत गरीब घरांच्या ताटातील प्रश्न प्रयोगशाळेत आणला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. तिला परत पाठविण्यात आले असते, तर हानी केवळ एका व्यक्तीची झाली नसती.

या उदाहरणातून गटप्रमुखांनी एक धडा घ्यावयास हवा. कमलाबाई स्वतःच्या हिमतीवर आत आल्या. परंतु प्रत्येक होतकरू विद्यार्थ्याने संचालकांच्या दारात ठाण मांडून बसावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. ज्या व्यवस्थेत असामान्य धैर्य असणाऱ्यालाच प्रवेश मिळतो, ती व्यवस्था गुणवत्तेची परीक्षा घेत नसून धैर्याची परीक्षा घेत असते.

एकीने उघडलेली वाट, अनेकींसाठी

प्रवेश मिळाल्याने प्रश्न संपत नाही. संशोधनात टिकून राहणे हा पुढचा प्रश्न असतो. मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांच्या पुढाकाराने १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. संघटनेचे मुख्यालय नवी मुंबईत वाशी येथे आहे. वैज्ञानिकांची ही संघटना व्याख्याने व परिसंवाद भरविते, तद्वतच नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघरही चालविते. विज्ञानाच्या संघटनेने पाळणाघर का चालवावे, असा प्रश्न एखाद्यास पडेल. त्याचे उत्तर साधे आहे. हाती घेतलेला प्रयोग मध्येच सोडून संशोधिका घरी बसते, तेव्हा कित्येकदा तिच्यापुढे विज्ञानातील अडचण नसते. मुलाला कोणाकडे ठेवावे, ही अडचण असते.

हाच विचार आपल्या परिसरास लावून पाहावा. बदलापूर मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. मुंबईतील संस्थेत संशोधन करणारी बदलापूर किंवा वांगणीची विद्यार्थिनी रोज तीन तासांहून अधिक वेळ प्रवासात घालविते. गटाची साप्ताहिक बैठक सायंकाळी सहाला ठेवली, तर ती एक तर बैठक सोडील किंवा घरच्यांचा रोष पत्करील. बैठक दुपारी दोनला घेण्यास काहीही खर्च येत नाही. सर्वांना स्थान देण्याची पुष्कळशी साधने अशीच बिनखर्चाची असतात. ती कोणाच्या ध्यानात आलेली नसतात, इतकेच.

साधन बदलावे, माणूस वगळू नये

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत केलेले काम जगभर ज्ञात आहे. दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असे दाखवून दिले की, ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते; परंतु त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, अशीच सर्वसाधारण समजूत होती. स्त्रिया ज्या दुखण्याविषयी पुरुषासमोर बोलत नाहीत, ते दुखणे पुरुषांच्याच गटाच्या आकडेवारीत येणार तरी कसे? प्रश्न विचारणारी व्यक्ती बदलली आणि उत्तर बदलले.

याच संस्थेच्या कामातील दुसरे उदाहरण अधिक सूचक आहे. बालकाला न्यूमोनिया झाला आहे काय, हे ओळखण्यासाठी त्याचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. गावातील अनुभवी सुईणींना मुलाच्या आजाराची जाण होती, परंतु मोठ्या आकड्यांपर्यंत मोजणे त्यांना जमत नव्हते. अशा वेळी सुईणींना कामातून वगळणे सोपे होते. संस्थेने तसे न करता साधनच बदलले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक उपकरण तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. पुढे गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला आणि तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. या निष्कर्षाच्या मुळाशी त्या स्त्रियांनी ठेवलेल्या नोंदी होत्या.

भाषेचा उंबरठा

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रकल्प राबविला. डॉ. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात असे आढळले की, ही मुले मागे पडतात ती बुद्धीच्या अभावी नव्हे. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा, वाचनाचा अपुरा सराव आणि प्रश्न विचारण्याचा संकोच हे खरे अडथळे होते. हे अडथळे दूर करणारे अध्यापन मिळताच त्यांच्या शालान्त परीक्षेतील यशात लक्षणीय वाढ झाली.

आपल्या तीन नगरांत हा उंबरठा अधिक उंच आहे. उल्हासनगरातील एखाद्या घरात आजी सिंधी बोलते, वडील दुकानात हिंदी बोलतात, मुलगी शाळेत इंग्रजी शिकते आणि शासकीय अर्ज मराठीत भरते. वाडीवरील कातकरी मुलाला तर पुस्तकातील मराठीही परकी वाटते. अशा गटात चर्चा इंग्रजीतच झाली पाहिजे, असा नियम केला, तर निम्मे सदस्य केवळ माना डोलावतील. म्हणून चर्चा ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत व्हावी, नोंदीचा तक्ता मराठी, हिंदी व आवश्यक तेथे सिंधीतही असावा, आणि अहवाल लिहिताना इंग्रजीची अडचण सर्वांनी मिळून सोडवावी, ही रीत अधिक उपयुक्त ठरते.

वालधुनीचा अभ्यास : एक नमुना

आतापर्यंतचे विवेचन एका प्रत्यक्ष विषयास लावून पाहू. वालधुनी नदी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगर व कल्याण ओलांडते आणि उल्हासच्या खाडीस मिळते. कारखान्यांचे सांडपाणी व नागरी मैला यांमुळे ती दीर्घकाळ दूषित झाली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीत रसायन सोडले गेल्याने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना वायुबाधा झाली होती. तेव्हा या नदीचा अभ्यास हा केवळ वर्गातील प्रकल्प नसून काठावरील कुटुंबांच्या जिवाशी निगडित विषय आहे.

समजा, एका महाविद्यालयाने पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचे मोजमाप करावयाचे ठरविले. मासे जगण्यासाठी दर लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे मानक आहे. विद्यार्थी सकाळच्या तासिका आटोपून दुपारी बाराला नमुने घेतात. आता विज्ञान असे सांगते की, जेथे शेवाळ व पाणवनस्पती आहेत, तेथे त्या दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात आणि रात्री स्वतःच तो वापरतात. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. केवळ दुपारचे नमुने घेतले, तर नदी आहे त्याहून निरोगी दिसेल आणि मासे का मरतात, हे कोडे सुटणार नाही. शिवाय दूषित पाणी कोणी चोरून सोडत असेल, तर तो कार्यालयीन वेळ पाहून सोडणार नाही.

पहाटेचा नमुना कोण घेऊ शकेल? पहिली लोकल पकडून येणारा विद्यार्थी नव्हे. काठावर राहणारी, पहाटे उठणारी गृहिणी. त्यासाठी लागणारी प्राथमिक कृती शिकविण्याजोगी आहे. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरावयाची, मँगनस सल्फेट व अल्कली-आयोडाइड ही दोन द्रावणे घालावयाची आणि बूच लावून हलवावयाचे. साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. हा फरक अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीसही दिसतो. बाटली अंधारात ठेवून काही तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचविली की उर्वरित अनुमापन विद्यार्थी करतील. अल्कली-आयोडाइड दाहक असल्याने हातमोजे, चष्मा व आधी दिलेले प्रशिक्षण मात्र अनिवार्य होय. आणि दूषित पाण्यात कोणीही उतरता कामा नये, नमुना दोरीच्या बादलीने घ्यावा.

अशा गटात आणखी कोण असावे? कोणत्या प्रक्रियेतून कोणते सांडपाणी निघते हे जाणणारा कारखान्यातील कामगार. उगमाकडील गावचा पंचायत सदस्य. पूर्वी कोणते मासे व खेकडे मिळत आणि ते कधीपासून दिसेनासे झाले हे सांगू शकणारा कातकरी मच्छीमार. वास, रंग व वेळ यांची रोजची नोंद ठेवणारा काठावरचा दुकानदार. या सर्वांच्या माहितीची पडताळणी झालीच पाहिजे. जसे विद्यार्थ्याचे मोजमाप पुन्हा करून पाहतात, तसेच आठवणींचे तीन-चार साक्षीदारांकडून मिळवून पाहावे. स्थान देणे म्हणजे तपासणी सोडून देणे नव्हे.

गटाची कार्यपद्धती

पंचायत सदस्यांना एक गोष्ट सांगावयास नको. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या. खुर्चीवर महिला सरपंच आणि कारभार पाहणारे तिचे यजमान, हे चित्रही अनेकांनी पाहिले आहे. तसेच स्वतः निर्णय घेऊन गाव बदलणाऱ्या महिला सरपंचही पाहिल्या आहेत. हजेरीपटावर नाव असणे आणि निर्णयात वाटा असणे यांतील हा फरक संशोधन-गटासही लागू पडतो. तो मिटविण्यासाठी पुढील पथ्ये पाळता येतील.

पहिले, प्रश्न ठरविण्याच्या बैठकीपासूनच सर्वांना बोलवावे. प्रश्न तज्ज्ञांनी ठरवावयाचा आणि बाकीच्यांनी बाटल्या भरावयाच्या, ही विभागणी योग्य नव्हे.

दुसरे, कामे फिरती असावीत. मुलींनी नोंदवही लिहावयाची व मुलांनी उपकरण हाताळावयाचे, किंवा विशिष्ट वस्तीतील मुलांनी काचसामान धुवावयाचे, अशी न बोललेली वाटणी अनेक शाळांत दिसते. दर आठवड्यास कामे बदलली की ती मोडते.

तिसरे, वेळापत्रक सर्वांच्या जीवनक्रमाशी जुळवावे. पुष्कळशी कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात व उन्हाळ्याअखेर परततात. शाळांचे प्रकल्प दिवाळीनंतर सुरू होत असतील, तर ही मुले कधीच गटात येणार नाहीत. पावसाळ्यातील निरीक्षणांपासून प्रकल्प सुरू केल्यास त्यांचा सहभाग शक्य होतो. रोजंदारीवर जगणाऱ्याचा दिवस संशोधनासाठी घेतला, तर त्या दिवसाची मजुरी अंदाजपत्रकात धरावी.

चौथे, जागा व साधने सर्वांना वापरता यावीत. चाकाच्या खुर्चीतील विद्यार्थ्यासाठी प्रयोगाचे टेबल तळमजल्यावर आणता येते. काही मुलांना लाल व हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. पाण्याचा सामू दर्शक पट्टीच्या रंगावरून वाचताना नेहमी दोघांनी मिळून वाचावे.

पाचवे, श्रेय द्यावे, पण विचारून द्यावे. अहवालात ‘स्थानिक लोकांचे आभार’ एवढ्या एका ओळीत वर्षभराचे श्रम गुंडाळू नयेत. ज्याने जे काम केले ते नावानिशी लिहावे. मात्र माहिती देणाऱ्या कामगाराची नोकरी धोक्यात येत असेल, तर त्याचे नाव गुप्त ठेवणे हेच गटाचे कर्तव्य ठरते. म्हणून प्रत्येकाची संमती स्वतंत्रपणे घ्यावी.

सहावे, तक्रारीला निर्भय जागा असावी. गटप्रमुखाविरुद्धची तक्रार गटप्रमुखाकडेच करावी लागत असेल, तर ती होणारच नाही.

कायदा व शासनाचे साहाय्य

यांपैकी काही गोष्टी ऐच्छिक राहिलेल्या नाहीत. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती आवश्यक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि शैक्षणिक संस्थांतील सुगम्यतेवर भर दिला. मातृत्व लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली.

पंचायतींच्या दृष्टीने जैविक विविधता अधिनियम, २००२ विशेष महत्त्वाचा आहे. त्यानुसार स्थानिक संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन होते आणि लोकांच्या सहभागाने लोकजैवविविधता नोंदवही तयार केली जाते. २००४ च्या केंद्रीय नियमांनी अशा समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया व किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असावेत, असा दंडक घालून दिला होता. नोंदवही हे एक संशोधनच आहे. औषधी वनस्पती, मासे, पक्षी, जुनी भातवाणे यांची माहिती ज्यांच्याजवळ आहे, त्यांनाच गटात घेतल्याशिवाय ती पुरी होऊ शकत नाही. बारवी खोऱ्यातील गावांची नोंदवही तेथील वाड्यांना न विचारता तालुक्याच्या ठिकाणी बसून भरली, तर नियमाची पूर्तता होईल. ज्ञानाची होणार नाही. शाळांसाठी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने १९९३ पासून स्थानिक प्रश्नांवरील गटप्रकल्पांची परंपरा निर्माण केली आहे. त्या धर्तीवर प्रत्येक शाळेस काम करता येईल.

गुणवत्तेचे काय?

सर्वांना स्थान दिल्याने गुणवत्ता घसरेल, अशी शंका काही गटप्रमुख व्यक्त करतात. ही शंका प्रामाणिक असू शकते आणि तिला उत्तर दिले पाहिजे. गुणवत्तेची कसोटी सैल करावी, असे येथे कोठेही म्हटलेले नाही. अचूक नोंद, पुन:पडताळणी आणि प्रामाणिक निष्कर्ष या कसोट्या सर्वांना सारख्याच लागू राहतात. म्हणणे एवढेच आहे की, सायंकाळी सहाला हजर राहता येणे, इंग्रजीत बोलता येणे, जिना चढता येणे किंवा अमुक घरात जन्मणे या गुणवत्तेच्या कसोट्या नव्हेत. त्या दूर केल्या की खरी गुणवत्ता मोजण्यास मार्ग मोकळा होतो.

चर्चेसाठी प्रश्न

शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी आपल्या परिसरातील चालू प्रकल्प समोर ठेवून पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे काढावीत :

१. हा प्रश्न ज्यांच्या जीवनाशी निगडित आहे, त्यांच्यापैकी किती जण तो ठरविताना उपस्थित होते?
२. मागील तीन बैठकांत कोण बोलले आणि कोण गप्प राहिले?
३. बैठकीची वेळ, जागा व भाषा यांमुळे कोणाला येता आले नाही?
४. गटातील कोणाच्या माहितीमुळे आपला मूळ समज बदलला? कोणाच्याच माहितीमुळे बदलला नसेल, तर का?
५. अहवालावर कोणाची नावे आहेत, आणि ज्यांची नाहीत त्यांना तसे विचारले होते काय?
६. गट सोडून गेलेल्यांना त्याचे कारण कोणी विचारले काय?

यांपैकी सहावा प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही. जे गटात राहिले त्यांच्याकडून गटाची प्रशंसाच ऐकावयास मिळते. उणीव कोठे आहे, हे सोडून गेलेलेच सांगू शकतात. त्यांच्याकडे जाऊन ते ऐकून घेणे आणि पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाचे वेळापत्रक आखण्यापूर्वी त्याचा विचार करणे, एवढ्यापासून कोणत्याही शाळेस, महाविद्यालयास वा पंचायतीस आरंभ करता येईल.